चिमटीची टिकलीएवढी पोळी

एक होती मुंगी. तिचं नाव चिमटी. अंगानं मोहरीएवढी. रंगानं लाल लाल.

होळीचा सण होता. चिमटीनं धाकट्या बहिणींना शब्द दिला होता, "आज मी गोड घेऊन येईन." बहिणी दारात बसून वाट बघत होत्या.

चिमटीला गुळाचा एक कण मिळाला. तुरु तुरु, तुरु तुरु, ती निघाली. दमली बिचारी. तिनं कण खाली ठेवला, नेमका छोट्या मनवाच्या बाबांच्या ताटाशेजारी. बाबा गूळ किसत होते. त्यांनी हात फिरवला, सगळा गूळ गोळा केला. त्यात चिमटीचा कणही गेला.

"बाबा बाबा, माझा कण गेला," चिमटी म्हणाली.

बाबा खाली वाकले. "अरेच्चा, गुळात गूळ मिसळला की गं. आता कसा शोधू? असं करू. पहिली पोळी देवाची. दुसरी, टिकलीएवढी, तुझी. तवा पोळी भाजेल तेव्हा घेऊन जा हं."

बाबा आज पहिल्यांदाच पुरणपोळ्या करत होते. मनवाची आई एसटीत कंडक्टर. सणालाही ड्यूटी. ती दुपारी घरी यायच्या आत पोळ्या व्हायला हव्या होत्या. बाबा म्हणाले होते, "त्यात काय? यंत्रं आहेत की सगळी." कणीक यंत्रानंच मळली होती. बाबांनी कुकर चढवला आणि शिट्टीची वाट बघत उभे राहिले. शिट्टी काही होईना.

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली तव्याकडे.

"तव्या तव्या, पोळी भाज.
मला पोळी मिळेना."

तवा म्हणाला, "कशी भाजू? आधी लाटणं लाटू दे, मग मी भाजेन."

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली लाटण्याकडे.

"लाटण्या लाटण्या, पोळी लाट.
तवा भाजेना,
मला पोळी मिळेना."

लाटणं म्हणालं, "कशी लाटू? पुरण कुठंय? आधी पुरणयंत्र फिरू दे, मग मी लाटेन."

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली पुरणयंत्राकडे.

"यंत्रा यंत्रा, गरगर फिर.
लाटणं लाटेना,
तवा भाजेना,
मला पोळी मिळेना."

पुरणयंत्र म्हणालं, "कसं फिरू? पोट रिकामं आहे माझं. आधी कुकर डाळ शिजवू दे, मग मी फिरेन."

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली कुकरकडे.

"कुकरा कुकरा, डाळ शिजव.
यंत्र फिरेना,
लाटणं लाटेना,
तवा भाजेना,
मला पोळी मिळेना."

कुकर म्हणाला, "फुस्स! कशी शिजवू? बाबा माझी रिंग लावायला विसरले. वाफ सगळी निसटते. फुस्स! रिंग आहे मनवाकडे. आधी मनवा रिंग देऊ दे, मग मी शिजवेन."

आणि मनवा काय करत होती माहितीये? तिनं ती गोल गोल रिंग दोन्ही हातांत धरली होती. ते होतं एसटीचं स्टिअरिंग. स्वयंपाकघरभर गाडी पळत होती. "पीं पीं! सातारा गाडी. बाजूला व्हा."

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली मनवाकडे.

"मनवा मनवा, रिंग दे.
कुकर शिजवेना,
यंत्र फिरेना,
लाटणं लाटेना,
तवा भाजेना,
मला पोळी मिळेना."

मनवा म्हणाली, "कशी देऊ? गाडी चालू आहे ना. आधी लाल सिग्नल लागू दे, मग मी थांबेन. पीं पीं!"

आता लाल सिग्नल आणायचा कुठून?

तुरु तुरु, तुरु तुरु, चिमटी गेली टोमॅटोकडे.

"टोमॅटो टोमॅटो, सिग्नल हो.
मनवा थांबेना,
कुकर शिजवेना,
यंत्र फिरेना,
लाटणं लाटेना,
तवा भाजेना,
मला पोळी मिळेना."

टोमॅटो म्हणाला, "कसा होऊ? मी टोपलीत तळाशी. माझ्यावर हे बटाटे. ते काही हलायचे नाहीत."

झालं. चिमटी मटकन खाली बसली. तिला रडूच आलं. घरी बहिणी वाट बघतायत, आणि आपण जायचं रिकाम्या हातानं?

समोर स्टीलचं पातेलं होतं. लख्ख घासलेलं. चिमटीनं डोळे पुसून वर पाहिलं. पातेल्यात कोण दिसलं? एक मुंगी. लाल लाल.

"अगं बाई," चिमटी म्हणाली, "लाल तर मीच आहे."

तुरु तुरु, तुरु तुरु, ती मनवाच्या वाटेतल्या पाटावर चढली. ताठ उभी राहिली. पुढचे दोन पाय वर केले.

"मनवा मनवा, थांब. लाल सिग्नल लागला."

कर्रर्र! गाडी थांबली. मनवानं वाकून पाहिलं. इवलासा सिग्नल, पण लाल म्हणजे लाल. मग काय?

मनवानं रिंग दिली.
बाबांनी गॅस बंद केला, रिंग बसवली, गॅस पुन्हा लावला.
शीईई! कुकरनं डाळ शिजवली.
डाळीत गूळ पडला. रटरट, रटरट.
गर गर गर! यंत्र फिरलं.
सुर्र सुर्र! लाटण्यानं पोळी लाटली.
चुर्र! तव्यानं पोळी भाजली.

पहिली पोळी देवाची. दुसरी, टिकलीएवढी, चिमटीची. वर तुपाचा एक ठिपका.

तेवढ्यात आई आली. खांद्यावरची बॅग न उतरवताच तिनं पोळीचा घास घेतला. "अहो, कुणी केल्या या?"

"यंत्रांनी," बाबा म्हणाले. "मी आपला बघत होतो."

"नाही," मनवा म्हणाली. "चिमटीनं केल्या."

पण चिमटीला पोळी उचलेना. मग तिच्या सगळ्या बहिणी आल्या. कुणी इकडून धरली, कुणी तिकडून. हेइसा, हेइसा! पोळी निघाली घरी.

मनवानं एक रिकामं ताट धरलं आणि पुन्हा गाडी काढली. "पीं पीं!" पण समोर पाहते तर काय, लाल लाल मुंग्यांची लांबच लांब रांग. केवढा मोठा सिग्नल.

मनवानं गाडी थांबवली. शेवटची मुंगी घरात जाईपर्यंत थांबवली.

चिमटीची पोळी पोचली घरात, तुमची पोळी आहे ताटात. चला, हात धुऊन या.