सैल कणीक

"मग ठेवून घेताय ना हा पखवाज, बुवा?" मोहनीराजने दुसऱ्यांदा विचारलं.

केरूबुवा सुपारी कातरत राहिले.

ज्यांनी वाजवायला शिकवलं, त्यांच्याच ओसरीवर तो वाद्य परत द्यायला आला होता. कॅन्सर बरा झाला, पण औषधांनी बोटांची जाणीव नेली. सदऱ्याचं बटण लावायला बायकोला हाक मारावी लागे. भल्याभल्या गवयांना साथ केलेला माणूस, पण आतून पार खचला होता.

"दवाखान्यात बोटांचे व्यायाम घेतात ना?"

"कसले व्यायाम! कालपरवा शिकून आलेली पोरगी हातात रबराचा मऊ गोळा देते आणि म्हणते, मळा काका. मला! ... जाणंच सोडलं मी."

बुवा आत गेले आणि पिठाची परात घेऊन आले.

"कणीक मळ. डाव्या तोंडाला लावायची आहे."

ओल्या कणकेशिवाय पखवाज घुमत नाही. मोहनीराज मळायला बसला. हात पिठात गेला आणि त्याला एकदम भरून आलं. याच ओसरीवर पोरवयात त्याने महिनोन्‌महिने नुसती कणीक मळली होती. आत थोरल्या शिष्यांचा रियाज चालायचा, चुलीवरच्या भाकरीचा वास यायचा. काय सुखाचे दिवस होते ते! आणि तेव्हा वाटायचं, कधी एकदा संपतात.

बुवांनी गोळा बोटाने दाबला. "सैल."

त्याने पीठ घातलं.

"घट्ट."

त्याने पाणी घातलं.

"सैल."

"मला कळतच नाही हो, बुवा!" त्याला रडू फुटलं. "बोटं मेलीत माझी..."

"पहिल्या वर्षी कळत होतं?"

"...नाही."

"मग मी सांगितलं होतं, कशी मळायची ते?"

मोहनीराजला आठवलं. बुवांनी तेव्हाही सैल आणि घट्ट यापलीकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"नाही. मळता मळता कळायला लागलं."

बुवा उठले. पखवाज उचलून त्यांनी आत नेऊन ठेवला. मोहनीराज हेच मागायला आला होता, तरी पिठाळ हातांनी तो अर्धवट उठला.

बुवा बाहेर आले आणि कणकेसकट परात त्यांनी त्याच्या हातात दिली.

"पखवाज असू दे इथं. परात घेऊन जा."