अष्टमीचं तिकीट

ऐन लग्नाच्या तोंडावर नवरदेवाला गालगुंड झालं. दोन्ही गाल असे टम्म फुगले की बाशिंग बांधायला जागाच उरली नाही, आणि ठकूचं लग्न षष्ठीवरून दशमीवर गेलं. सगळ्यांना ते चालण्यासारखं होतं, एका गिरजाला सोडून. गिरजा ठकूची थोरली बहीण. बुरुडाची ही लेक दोनच महिन्यांपूर्वी अठरा दिवसांच्या वाटेवर दिलेली. लग्नासाठी ती राजाच्या विमानातून माहेरी आली होती, आणि परतीच्या तिकिटावर कोरलं होतं : अष्टमी.

हो, कोरलंच होतं. राजा अढळरावांच्या विमानाची तिकिटं तांब्याच्या पत्र्याची असत. एका बाजूला जायची तिथी, दुसऱ्या बाजूला परतायची. तिथी चुकली की पत्रा जप्त. मग तो वितळवून मुदपाकखान्यासाठी तपेली करत. मुदपाकखान्यात तपेली फार झाली होती.

"तू करवली म्हणून मागे उभी नसलीस, तर मी अंतरपाट धरूच देणार नाही," ठकू नाक ओढत म्हणाली. "त्या गालफुग्याने मग काय करायचं ते करावं."

गिरजा मुळात बोलायची कमी, पण बोललीच तर उलटून. सप्तमीच्या सकाळी तिने तिकीट पदराला बांधलं आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, अष्टमीची तेवढी एकादशी करून द्या. तीनच दिवसांचा प्रश्न आहे."

"पोरी, आमचा शब्द तांब्यात कोरलेला आहे. तो पुढेमागे होत नसतो."

"नवरदेवाचे गाल पुढे आले, त्याला मी काय करू?"

दरबार खुसखुसला. महाराजांच्या मिशा हलल्या, महाराज हलले नाहीत. उलट हट्टाला आणखी धार चढली.

"असं कर. अष्टमीलाच नीघ, आणि दशमीला बहिणीच्या मागेही उभी राहा. दोन्ही जमलं तर विमान तुला जन्मभर मोकळं, वर खिडकीची जागा. नाही जमलं तर तिकिटाचं तपेलं, आणि तू चालत सासरी."

"दशम्या बांधून घे हो," प्रधान सुमंतराव मायेने म्हणाले. "वाटेत घाट सात आहेत."

गिरजा मान खाली घालून बाहेर पडली, तो वेशीकडे वाजंत्री वाजत होती. पुढे भालदार, मागे चोपदार, मध्ये पालखी. पालखीत लोडाला टेकून बसली होती एक पगडी. नुसती पगडी, आणि दोघे जण तिच्यावर चवऱ्या ढाळत होते.

"महाराज येताहेत का मागून?" तिने एका भोयाला विचारलं.

"ते कुठले! दरबार उठला की आमरसाचं ताट. सासुरवाडीला निघायचा मुहूर्त आजचा होता ना, म्हणून प्रस्थान ठेवायला चाललोय. पगडी वेशीबाहेर तंबूत राहील. महाराज निघतील सावकाश, आंबे संपले की."

मुहूर्त आजचा आणि निघणं पुढचं असेल, तर आपली एखादी वस्तू वाटेवर नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस निघालं असं धरायचं. गिरजाची आईसुद्धा सुपारी-तांदूळ बांधून शेजारी ठेवायची. गिरजा भोयाकडे बघून इतकी गोड हसली की तो खांदा बदलायचा विसरला.

अष्टमीला विमानतळावर एक पोटली आली. खणात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, आणि गळ्यात तांब्याचं तिकीट. कारकुनाने नियमांचं बाड दोनदा चाळलं. पोटलीला बसू देऊ नये, असं त्यात कुठेच नव्हतं. त्याने तिला गिरजाच्या जागेवर बसवलं, पट्टा आवळला आणि विमान उडालं.

दशमीला नवरदेवाचे गाल उतरले, बाशिंग बसलं, अंतरपाट दूर झाला. ठकूच्या मागे दिवा घेऊन उभी होती गिरजा!

एकादशीला शिपाई दारात हजर, आणि घटकाभरात गिरजा दरबारात उभी.

"पकडली," महाराज खूश होऊन म्हणाले. "दशमीला तू इथे होतीस. म्हणजे अष्टमीला निघालीच नाहीस."

"निघाले की, महाराज. पोचलेसुद्धा. वैमानिकाने निरोप आणलाय. आमच्या यांनी मला विमानातून उतरवून घेतलं, सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. म्हणाल्या, यावेळी सून अगदी गुणाची आली, उलटून एक शब्द बोलत नाही. आता मागे राहिलेली मी तेवढी जायची आहे."

"गाठोडं गेलं म्हणजे माणूस गेलं? कोण म्हणतं असं?"

"मी बुरुडाची पोर, मला काय कळतंय? चिटणीसांना विचारा. महाराज सासुरवाडीला कधी निघाले?"

चिटणीसांनी वही उघडली आणि सवयीने खणखणीत वाचलं, "सप्तमी. सूर्योदयानंतर चार घटकांनी महाराजांची स्वारी सासुरवाडीस निघाली."

महाराजांचा हात हळूच बोडक्या डोक्याकडे गेला.

गिरजाने पदर खोचला. "म्हणजे महाराज चार दिवसांपासून गावातच नाहीत. मग मला अडवतंय कोण?"

आधी सुमंतराव फुटले. मग चोपदार. मग महाराज असे हसले की सिंहासनाची उशी घसरली आणि तेही तिच्याबरोबर घसरले. जमिनीवर बसल्याबसल्याच त्यांनी हुकूम सोडला, "हिला खिडकीची जागा, जन्मभर! आणि उद्यापासून तांब्याचा पत्रा बंद. तिकिटाला पाटी आणा, आणि खडू."