बहात्तर हजारांची नजर

"सतरा हजारांचा घेऊ का बहात्तरचा, वस्ताद?"

तातोबा वस्तादांनी वर पाहिलं नाही. ते कुस्तीच्या हौद्यात गुडघ्यांवर बसले होते आणि लाल मातीत ताक मुरवत होते.

वेदगंगेच्या काठावरच्या त्या तालमीत हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. माती चाळायची, हळद टाकायची, तेल आणि ताक घालायचं आणि दोन्ही हातांनी मळत बसायचं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. पण माती कुठं कोरडी राहिली आहे ते त्यांच्या बोटांना बरोबर कळतं.

कुलदीप खोत कट्ट्यावर बसला होता. दोन्ही मांड्यांवर एकेक टॅबलेट.

कोल्हापूरच्या दुकानदाराला कुस्तीचा भारी नाद. "पैलवान, दोन्ही न्या, दोन दिवस वापरून बघा, नको तो परत करा," असं म्हणून त्यानं ते दिले होते. पावतीसुद्धा केली नव्हती. एवढा मान आमच्याकडे फक्त पैलवानाला आणि जावयाला मिळतो.

"कशाला पायजे?" वस्तादांनी विचारलं.

"ढाक बघाय."

"कुणाची?"

"बाळूची."

वस्तादांनी मातीतलं एक ढेकूळ बोटांनी फोडलं.

बाळू हजगुडेचं नाव तालमीत कुणी सहज घेत नसे. सोलापूरकडचा गडी. त्यानं कुलदीपला दोन मैदानांत दोनदा पाडलं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच डावावर. समोरच्याची मान आणि हात आवळून त्याला कमरेवरून थेट पाठीवर आणायचं, ती ढाक. दोन्ही वेळा तोवर कुलदीपच वरचढ होता. दोन्ही वेळा लोक हळहळले होते.

आता येत्या रविवारी जत्रेत तिसरी गाठ होती. पहिल्या क्रमांकाची कुस्ती. तिसऱ्यांदा पडला, तर पहिल्या क्रमांकाला त्याला पुन्हा कुणी जोडणार नव्हतं. कुस्त्या जोडणारी माणसं तेवढी दयाळू नसतात.

"बगा वस्ताद," कुलदीप सांगू लागला. "मामाच्या पोरानं दोनी कुस्त्या मोबाइलवर काढल्यात. पर मोबाइलच्या टीचभर पडद्यावर कळत न्हाई. ह्या सतराच्यावर लावलं तर ऐन ढाकेला अडखळतंय. बाळूचा हात मानंवर दिसतोय, आन् एकदम मी पाठीवर. मधलं गायब. ह्या बहात्तरच्यावर लोण्यावाणी चालतंय. कितीबी हळू करा. पाय आदी आला का हात आदी आला, सगळं दिसतंय."

"मग काय आदी आलं?"

"आजून कळायचंय."

"हं..."

"दोन दिस नीट बगिटलं तर कळंल."

वस्तादांनी ताकाची कळशी कलती केली. ताक मातीत जिरेपर्यंत थांबले.

"पैसं?"

कुलदीपनं नजर खाली घातली. मग मान वर करून म्हणाला, "म्हस इकतोय. उद्या व्यापारी येणार हाय."

वस्तादांचे हात थांबले.

ती म्हैस कुलदीपच्या खुराकाची होती. पहाटे तो तिच्या कासेशी बसायचा आणि तांब्याभर धारोष्ण दूध पिऊन तालमीत यायचा. चार वर्षं हे चाललं होतं. घरात चहाला दूध कमी पडायचं, पण पैलवानाच्या तांब्याला कधी पडलं नाही. म्हैस विकायची म्हटल्यापासून आई त्याच्याशी बोलत नव्हती.

"दूध इकून डाव बगणार?"

"दूध काय, डेरीत बी मिळतंय की."

"मिळतंय," वस्ताद म्हणाले. "माती बी पोत्यातनं मिळत्या."

...

"आन् सतराचा घेतलास तर?" वस्तादांनीच विचारलं.

"तर म्हस ऱ्हाती. तेवढं हाईत माज्यापाशी. पर डाव दिसत न्हाई."

"म्हंजे दूध ठेवलं तर डाव दिसंना, आन् डाव बगावा तर दूध जातंय."

"तेच म्हंतोय. तुमी सांगा."

"माज्या डोळ्याला दोनीत सारकंच धुकं हाय बाबा. मला कशाला इचारतोस?"

कुलदीप हसला. त्याला हसू यायला नको होतं, पण आलं.

"तुमच्या येळंला हे न्हवतं, वस्ताद. तुमी मातीत लोळून शिकला. आता जमाना बदलला. समोरच्याचा डाव आदी डोक्यात उतरवायचा, मग अंगात. डोळं तयार पायजेत."

एवढं वस्तादांच्या तोंडावर बोलायची त्या तालमीत दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. कुलदीपची होती. नऊ वर्षांत त्यानं तालमीला तीन चांदीच्या गदा आणून दिल्या होत्या, आणि गदा ज्या भिंतीवर टांगल्या होत्या तिच्याकडे पाठ करून तो कधी बसत नसे.

वस्तादांना राग आला असेल तर तो दिसला नाही.

"लाव," ते म्हणाले.

कुलदीपनं बहात्तरचा उचलला.

"त्यो न्हवं. दुसरा."

"आवो, त्यात दिसत न्हाई म्हंतोय न्हवं..."

"मला तसं बी दिसत न्हाई. लाव."

कुलदीपनं लावलं. बोट सराईतपणे शेवटाकडे सरकवलं. बाळूचा हात त्याच्या मानेवर होता, पुढं ढाक होती.

"हितनं न्हवं. सलामीपास्नं."

"सलामीपास्नं? धा मिंटं हाईत ती. नुसती खडाखडी, हाताला हात लावून अंदाज घ्यायचा. काय बी न्हाई त्यात."

"मला काय यष्टी गाठायची हाय?"

कुलदीपनं सुरुवातीपासून लावलं. पडद्यावर दोन पैलवान माती घेऊन एकमेकांच्या अंगाला लावू लागले.

"आवाज कुटं गेला?"

"आवाज बंद असतोय. नुसता निवेदक बोंबलतोय, डोस्कं उठतंय."

"बोंबलू दे."

आवाज सुरू झाला. हलगी कडाडू लागली. निवेदक गावची नावं, पाहुण्यांची नावं, बक्षीस देणाऱ्यांची नावं घेत होता. त्यातच अधूनमधून कुस्तीचंही सांगत होता.

वस्तादांनी डोळे मिटले. दोन्ही तळवे मातीवर ठेवले.

पाच मिनिटं गेली. सात गेली... कुलदीप चुळबुळला. तालमीत दुपारची उन्हं खिडकीतून हौद्यात आली होती आणि म्हातारा देवळात बसल्यासारखा निवांत बसला होता.

मग निवेदकाचा आवाज चढला.

"रेटत नेलाय! रेटत नेलाय बघा मंडळी! कोण आहे हा? वेदगंगेचा वाघ, कुलदीप खोत! एकदा जोरदार टाळ्या..."

थप्प!

वस्तादांनी मातीत तळवा आपटला.

"हितं पडलास."

कुलदीपनं पडद्याकडे पाहिलं, मग वस्तादांकडे.

"हितं? हितं मी हुबा हाय, वस्ताद! रेटा माजा हाय. त्यो मागं सरकायलाय. पडतोय ते लई फुडं."

वस्तादांनी तळवा मातीवरच ठेवला.

टाळ्या वाजल्या. हलगी वाजली. मनात चार आकडे मोजावेत एवढा वेळ गेला, आणि लोकांतून एक मोठा "हाऽऽ" उठला. मातीत काही तरी जड पडल्याचा आवाज आला. तो आवाज कुलदीपनं पहिल्यांदाच ऐकला. स्वतःचाच होता तरी.

"दुसरी लाव."

दुसरं मैदान वेगळं होतं. निवेदक वेगळा, बसक्या आवाजाचा. हलगीचा ठेका वेगळा. पुन्हा सलामी, पुन्हा खडाखडी. वस्ताद पुन्हा डोळे मिटून बसले. या वेळी कुलदीप चुळबुळला नाही.

"आत्ताच सरपंचांकडून बक्षीस जाहीर झालंय मंडळी! कुणाला? तर आपल्या कोल्हापूरच्या ढाण्या पैलवानाला, कुलदीप..."

थप्प!

"हितं पडलास."

...

कुलदीपनं टॅबलेट जवळ घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं पहिली कुस्ती पुन्हा लावली. आवाज चालू ठेवला. आणि या वेळी बाळूकडे न पाहता स्वतःकडे पाहिलं.

ही कुस्ती त्यानं आजवर शंभर वेळा तरी पाहिली असेल. शंभर वेळा बाळूचेच हातपाय पाहिले होते. हरलेल्या माणसाला स्वतःचं तोंड बघवत नाही, त्याला तो अपवाद नव्हता.

"...कुलदीप खोत! एकदा जोरदार टाळ्या..."

पडद्यावरच्या कुलदीपची मान निवेदकाच्या मांडवाकडे वळली. फार नाही, चार बोटं. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तेवढ्यात बाळूचा पंजा त्या मानेवर बसला.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा मान वळली.

दुसरी कुस्ती लावली. तिथंही वळली, तिथंही हसू होतं.

मग त्यानं बहात्तर हजारांचा घेतला आणि तेच पाहिलं. त्यात कपाळावरचा घामसुद्धा मोजता येत होता. पण मान तेवढीच वळत होती, सतराच्यात वळत होती तेवढीच. तिथं दोघं नुसते रेट्यात संथ सरकत होते, अडखळण्यासारखं काही नव्हतंच.

कुलदीपचे कान तापले. त्याला लाज वाटली. बाळूकडून दोनदा पडला तेव्हा राग आला होता, नशिबाला शिव्या दिल्या होत्या, पंचांना दिल्या होत्या. लाज आज वाटली.

"वस्ताद..."

"बोल."

"ह्यात बी दिसतंय."

"कशात?"

"सतराच्यात."

"व्हय?" वस्ताद म्हणाले आणि मातीकडे वळले. "मला न्हाई बाबा दिसलं."

कुलदीपनं दोन्ही टॅबलेट मांडीवरून खाली ठेवले. मग त्यानं बहात्तरचा पुसला, खोक्यात घातला आणि खोक्याचं झाकण नीट बसवलं.

"ह्यो उद्या माघारी देतो. आन् व्यापाऱ्याला आत्ताच फोन करून सांगतो, येऊ नगंस म्हणून."

"म्हस?"

"ऱ्हाती घरात."

"तुजी आई बोलंल आता."

"बोलंल." तो हसला. या वेळचं हसू मोकळं होतं. "सतराचा मातूर घेऊ न्हवं?"

"घे की. कोन नगं म्हंतंय? चांगला बोलतोय त्यो."

कुलदीप उठला. अंग झाडलं. एवढं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. बाळूच्या ढाकेचं भूत वर्षभर त्याच्या मानगुटीवर बसलं होतं आणि आता ते तिथं नव्हतं. बाळूचा पाय आधी येवो नाहीतर हात, त्याला आता फिकीर नव्हती.

"कळलं, वस्ताद. समदं कळलं. आता रविवारी बगाच तुमी."

"काय बगू?"

"निवेदक बोंबलू दे, न्हाईतर सरपंच बोंबलू दे. माजं नाव कुनी बी घेऊ दे. मान हलायची न्हाई. शबुद हाय माजा."

"कुनी बी?"

"कुनी बी!"

"बरं..."

कुलदीप हौद्यात उतरला, वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. वस्तादांनी ओल्या मातीचा हात त्याच्या पाठीवरून फिरवला. आशीर्वाद तोंडानं दिला नाही, तो ते कुणालाच देत नाहीत.

दोन्ही टॅबलेट बगलेत मारून तो निघाला. तालमीचं दार बुटकं आहे, थोरामोठ्यांनाही तिथून वाकूनच जावं लागतं. तो वाकला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. चालण्यात ऐट होती, पण आता ती कुणाला दाखवायची नव्हती, निदान त्याला तसं वाटत होतं.

"कुलदीप!"

आवाज वस्तादांचाच होता. पण असा आवाज तालमीनं पूर्वी ऐकला नव्हता. भरून आलेला, लाडाचा.

"वाघ हाईस रं माजा तू! असला पठ्ठा म्या जल्मात तयार केला न्हाई!"

नऊ वर्षं. तीन गदा. तेवढ्या काळात या माणसानं त्याला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं.  कुलदीप दारातच गर्रकन वळला, आणि त्याचं सगळं तोंड उजळलं होतं.

हौद्यात वस्ताद माती मळत होते. डोळे मिटलेले.

त्यांनी तळवा मातीत आपटला.

"पडलास."