साठ्यावर धावणारं यंत्र

एकदा एका नदीकाठच्या गावात, पूर-मदत केंद्राचे संगणक सांभाळणारे एक वृद्ध जाणकार राहत होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. हुशार होता, कामसू होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पावसाळ्याआधी आबांनी त्याच्यावर एक काम सोपवलं. पुरात अडकलेल्यांनी मोबाइलवरून निरोप पाठवावा, संगणकानं जवळची नाव कोणती ते ठरवावं आणि नावाड्याला कळवावं, अशी व्यवस्था उभारायची होती. शिष्यानं त्यासाठी क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन घेतलं, म्हणजे दूरच्या केंद्रातल्या मोठ्या संगणकाचा भाड्यानं मिळणारा हिस्सा. अशा काही यंत्रांच्या प्रोसेसरचं बळ कायम सारखं असतं. काहींचं लवचीक असतं. त्यांचं नेहमीचं बळ थोडकंच, पण रिकामी असताना ती बळ साठवतात आणि काम आलं की साठ्यावर जोरात धावतात. साठा संपला की पुन्हा थोडक्या बळावर येतात. त्यानंतरही जोर टिकवण्याची सोय असते, फक्त भाडं वाढतं. शिष्यानं लवचीक यंत्र घेतलं आणि ती सोय बंद ठेवली.

"वर्षभर ते रिकामंच असणार, आबा," तो म्हणाला. "पूर काय रोज येतो?"

"आला की लगेच जातो का?" आबांनी विचारलं.

"तुम्ही आधी रंगीत तालीम तर बघा!"

तालीम पंचायतीच्या अंगणात झाली. लोकांनी मोबाइलवरून निरोप पाठवले आणि पडद्यावरून बोट उचलायच्या आत ते नावाड्यांकडे पोचले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांच्या ओठांवर पुन्हा तोच प्रश्न आला होता, पण टाळ्या ऐकून ते गप्प राहिले. ते गप्प राहणं त्यांना पुढे जन्मभर छळत राहिलं.

पूर आला. पहिल्या दिवशी यंत्र झकास धावलं. कितीतरी माणसं नावांतून सुखरूप बाहेर आली. पण गावोगावचे नातेवाईक नावा कुठे पोचल्या ते बघायला सारखा नकाशा उघडत होते, आणि यंत्र त्या प्रत्येकाला पूर्ण जोरानं उत्तर देत होतं. दुसऱ्या सकाळी साठा संपला. यंत्र बंद पडलं असतं तर निदान कुणाच्या लक्षात तरी आलं असतं. ते नुसतं मंदावलं. पडदा उजळलेलाच होता, निरोप येतच होते आणि आत एकामागे एक तुंबत होते.

त्यात कुंभारवाड्यातल्या शालनचा निरोप होता. ती सासूला घेऊन छपरावर बसली होती. शाळेच्या पायरीशी, हाकेच्या अंतरावर, एक रिकामी नाव सांगावा येण्याची वाट बघत उभी होती. सांगावा पोचला तोवर म्हातारी सुनेच्या हातातून निसटून पाण्यात गेली होती.

पाणी ओसरल्यावर शालन केंद्रात आली. ती भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दादा, म्या निरोप येळेवर धाडला हुता न्हवं? घरात समदी म्हणत्यात, माझ्याच हातनं उशीर झाला."

आबा शिष्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरी, उद्या हा तुझ्या दारात येऊन सगळ्यांसमोर सांगेल."

ती गेल्यावर ते शिष्याकडे वळले. "तसंच यंत्र पुन्हा उभं कर. त्याच प्रकारचं, तेवढंच."

शिष्य चक्रावला. "आबा, आता तरी कायम बळाचं घेऊ या!"

"घेऊ. आधी हे."

यंत्र उभं राहिलं. आबांनी त्याच्यावर खोट्या मागण्यांचा मारा करवला. नव्या यंत्राचा साठा बेताचाच, तो लवकर संपला. मग त्यांनी आपल्या मोबाइलवरून निरोप पाठवला, 'छपरावर आहोत. पाणी चढतंय.' नावाड्याचा फोन त्यांनी शिष्याच्या हातात दिला आणि समोर बसले.

काहीच आलं नाही. बाहेर लोक फावड्यानं ओट्यावरचा गाळ ओढत होते. शिष्य फोनकडे बघत राहिला. त्यानं उठून संगणकाकडे हात नेला, तेव्हा आबांनी तो धरला.

"बस. तिलाही दुसरं काही करता येत नव्हतं."

निरोप आला तेव्हा शिष्य रडत होता.

"नावाड्यांच्या पाळ्या कुणी लावल्या होत्या?" आबांनी विचारलं.

"मीच."

"का?"

"माणसं दमतात, आबा."

"आणि हे? हे तर दमतं म्हणूनच स्वस्तात मिळालं होतं. त्यानं तुला फसवलं नाही. आपलं रोजचं बळ किती, ते त्यानं घेतानाच सांगितलं होतं. तू तालमीतला जोर पाहिलास आणि तोच त्याचा स्वभाव समजलास. सुरुवातीचा जोर सगळ्यांकडेच असतो, बाळा. ज्याच्यावर जीव सोपवायचे, त्याचा साठा संपल्यावर काय उरतं ते आधी बघावं. मला ते ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. या मरणात माझाही वाटा आहे."

दुसऱ्या दिवशी शिष्य कुंभारवाड्यात गेला. शालन भिजलेली वाकळ पिळत होती. घरची माणसं ओट्यावर होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ताई, तुमचा निरोप वेळेवर आला होता. उशीर आमच्याकडे झाला. मी लावलेल्या यंत्रात झाला."

त्याला कुणी बस म्हटलं नाही. शालनच्या हातून वाकळ गळून पडली आणि ती तिथेच बसून सासूच्या नावानं मोठ्यानं रडू लागली. इतके दिवस तिला रडायचीही चोरी झाली होती.

महिन्याभरानं कायम बळाचं यंत्र उभं राहिलं. पंचायतीच्या अंगणात पुन्हा तालीम झाली, निरोप पुन्हा झटपट पोचले आणि लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"आत्ता नको," शिष्य म्हणाला. "दिवसभर असंच चालू दे. संध्याकाळी या."