ढालीचं पान

"यातलं कुठलं पान काढू, आक्का?"

श्रेणिकनं पत्त्यांचा कॅट गौराक्कांसमोर चटईवर ठेवला. आक्का मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला काढायचं? जिंकतोस की."

"जिंकतो. हा कॅट हरतच नाही. पण उशीर लागतो."

"कुणाला उशीर होतो?"

श्रेणिकनं वरचं पान उचललं, पुन्हा ठेवलं.

हा खेळ साध्या पत्त्यांचा नव्हे. प्रत्येकानं एक सुपरहिरो घ्यायचा, त्याचा कॅट आपणच निवडून जुळवायचा आणि सगळ्यांनी मिळून एका असुराशी लढायचं. असुराची पानं कुणाच्या हातात नसतात. ती मधोमध पालथी पडलेली. दर फेरीला एक उलटायचं आणि ते सांगेल ते सोसायचं. जिंकले तर सगळे जिंकले, हरले तर सगळे हरले.

मठाच्या वसतिगृहातली पोरं हा खेळ ओसरीवर घेऊन आली, मग गावातलीही त्यांच्यात येऊन बसू लागली. आक्का आधी नुसत्या बघायच्या, मग स्वतःच बसायला लागल्या. मठात पत्ते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्या सरळ विचारत, "इथं कुणी कुणाला हरवत नाही. तुमच्या भजनी मंडळात आहे का एवढी एकी?" पुन्हा कुणी नाक मुरडलं नाही.

त्या पोरांत श्रेणिक मगदूमसारखा कॅट जुळवणारा दुसरा नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा.

"राजुल उठून गेली," तो शेवटी म्हणाला. "काल. डाव अर्धा टाकून गेली. घरी बोलत नाही."

राजुल त्याची धाकटी बहीण. बाकीचे गडी एकेक करून आधीच पांगले होते. त्याच्याबरोबर बसणारी तेवढीच एक उरली होती.

"काय म्हणाली जाताना?"

"म्हणाली, तुझ्या डावात मी कशाला हवी?"

"मग? कशाला हवी?"

"तिचा हिरो मरतो म्हणून चिडते, आक्का. माझा कॉम्बो पाच पानांचा आहे. ठिणगी, आरसा, प्रतिध्वनी, वादळ, ढाल. पाचही हातात आली की असुर एका फटक्यात खलास. तोवर मला हात राखून थांबावं लागतं, आणि तेवढ्यात ती मरते. पानं लवकर आली तर ती मरणार नाही. म्हणून विचारतोय, कुठलं काढू?"

"ढाल कशाला त्यात?"

"स्फोट एवढा मोठा असतो की उलटा झटका मलाच बसतो. ढाल मला वाचवते."

"तुला."

"हो."

"दुसऱ्याच्या पुढं नाही धरता येत?"

"येते की. कुणाच्याही पुढं, कुणाचीही पाळी असो. पण मग माझा कॉम्बो मोडतो."

आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसले.

"पिस," त्या म्हणाल्या.

दोघं खेळायला बसले.

श्रेणिक पानं उचलत होता आणि हातात ठेवत होता. आक्का मिळेल ते पान टाकून लढत होत्या. जो लढतो त्याच्यावर असुर चालून जातो, जो गप्प बसतो त्याला तो सोडतो, असा या खेळाचा नियम. त्यामुळे फेरीमागून फेरी घाव आक्कांवरच पडत गेले.

"घाई करू नका, आक्का," तो मध्येच म्हणाला. "जमत आलंय माझं."

"कर तू तुझं निवांत. मी आहे मार खायला."

दर घावाला हिरोचा एक श्वास जातो. आक्कांच्या हिरोचा एकच उरला. हातात दोन पानं. एका पाळीला एकच खेळता येतं. त्यांनी क्षणभर दोन्हींकडे पाहिलं आणि एक खाली ठेवलं. ते होतं हाक. हाक दिली की जोडीदाराला कॅटमधलं एक पान जास्त उचलायला मिळतं.

श्रेणिकनं उचललं. वादळ.

पाचही आली…

असुराचं पान उलटलं. घाव पुन्हा आक्कांवर.

श्रेणिकचं बोट ढालीवर गेलं. आक्का त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी मागितली नाही. त्यानंही बघितलं, त्यांच्याकडे, मग आपल्या हातातल्या पाच पानांकडे.

बोट ढालीवरून उठलं.

आक्कांनी आपला हिरो पालथा केला.

पुढच्या पाळीला श्रेणिकनं पाचही पानं ओळीनं मांडली. ठिणगी आरशानं दुप्पट झाली, प्रतिध्वनीनं चौपट, वादळानं सगळं असुरावर लोटलं. उलटा झटका आला तो ढालीनं झेलला. असुर संपला.

"जिंकलो, आक्का."

"जिंकलो."

"बघितलंत ना? हेच जरा आधी आलं असतं तर तुम्ही…"

आक्कांनी हातात उरलेलं पान चटईवर उलटं करून दाखवलं. मलमपट्टी.

श्रेणिक पुढं वाकला.

"हे होतं तुमच्याकडे?"

"होतं."

"हाकेच्या जागी हे खेळला असतात तर वाचला असतात तुम्ही. तीन श्वास परत मिळतात याला."

"माहीत आहे."

"मग का नाही खेळलात?"

"तुला पान हवं होतं."

देवळाच्या बाजूनं कुणीतरी अंगण झाडत येत होतं. खराट्याचा आवाज जवळ आला, वळला, लांब गेला. श्रेणिक त्या एका पानाकडे बघत राहिला.

"राजुलच्या हातातसुद्धा…" तो म्हणाला आणि थांबला.

"काय राजुलच्या हातात?"

"मेल्यावर पानं खाली टाकायची ना, त्यात मलमपट्टी असायची. दर वेळी. न खेळलेली. मी म्हणायचो, हिला खेळायची अक्कल नाही."

"कुणापुढं म्हणायचास?"

"सगळ्यांपुढं."

आक्कांनी त्याची पानं गोळा केली, कडा चटईवर आपटून सारख्या केल्या आणि कॅट त्याच्या हातात दिला. एकही पान काढलं नव्हतं.

श्रेणिक उठला. पायरीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला घरी जायचं होतं, आणि घरात राजुल होती.

"तिला काय सांगू, आक्का?"

"काही सांगू नकोस. शेजारी बस. आणि या खेपेला तिच्या आधी मर."