राजाच्या पाठीवरची पखाल

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा लढाई पुकारणारे राजे स्वतःही लढायला जात असत.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. मधल्या बेटावरच्या कुरणासाठी ती दरसाल लढत. शहाणपण दोघांकडेही बेताचंच. पण एक नियम मात्र दोघंही पाळत. भर दुपारी पूर्वेकडचा म्हातारा पखालवाला पाण्याने भरलेली कातडी पखाल पाठीवर घेऊन, घंटा वाजवत रणात शिरला, की शस्त्रं खाली. तो दोन्हीकडच्या जखमींना पाणी पाजून परतला, की पुन्हा मारामारी सुरू.

पूर्वेच्या गादीवर नवा राजा आला. त्याने म्हाताऱ्याला विचारलं, "हा नियम मोडला तर शिक्षा करणार कोण? राजावर कुठे कोतवाल असतो?"

"नसतो, महाराज. म्हणून तर नियम आपणच जपायचा."

राजा हसला. त्या दुपारी घंटा वाजली, पश्चिमेच्या सैनिकांनी धनुष्यं खाली ठेवली, आणि राजाने हल्ला केला. बेट जिंकलं. खोटं कशाला सांगू, आभाळ काही कोसळलं नाही. उलट गावोगाव साखर वाटली गेली.

पुढच्या वर्षी पश्चिमेचे लोक बेट परत घ्यायला आले. राजाचा धाकटा भाऊ मांडीत भाला लागून दोन्ही सैन्यांच्या मधोमध पडला. "दादा, पाणी!" तो ओरडत होता. म्हाताऱ्याने घंटा वाजवून पाऊल टाकलं, तोच समोरून सपासप बाण आले. त्या घंटेवर आता कुणाचाच भरवसा नव्हता.

"बाबा, काहीतरी कर," राजा काकुळतीला आला.

"घंटेची पत तुम्ही घालवलीत, महाराज. ती तुम्हीच परत मिळवा." म्हाताऱ्याने पखाल पुढे केली.

राजाने तलवार उतरवली, पखाल पाठीवर घेतली आणि घंटा वाजवत निघाला. पहिलाच बाण खांद्यावरून येऊन पखालीत घुसला. पाणी गळू लागलं, तरी तो थांबला नाही. वाटेत शत्रूचा एक शिपाई तहानेने तडफडत होता. पुढून भाऊ हाका मारत होता. राजाचं काळीज तुटत होतं, पण तो आधी शिपायाजवळ बसला आणि त्याला पाणी पाजलं.

पलीकडची धनुष्यं एकेक करून खाली आली.

भावापाशी पोहोचेपर्यंत पखालीत ओंजळभर पाणी उरलं होतं. त्यावर भाऊ जगला. तेव्हापासून दोन्ही काठांवर रीतच पडली, की लढाईच्या पहिल्या दुपारी पखाल राजांनीच वाहायची. लढाया संपल्या नाहीत. पण पुकारण्याआधी राजे दोनदा विचार करू लागले.

तात्पर्य: ज्या नियमावर कोतवाल नाही, तो मोडायला काहीच लागत नाही, पुन्हा उभा करायला मात्र स्वतःचा जीव पणाला लावावा लागतो.