निजाईची पाळ

आवाज जरा खाली ठेवा, पाहुणे. ऊन डोक्यावर आलं की आमच्या हिवरबोडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. देवळातली घंटा बघा, तिच्या लोलकाला फडकं बांधलंय. पिठाची चक्की बंद आहे. दुकानदार पोत्यांवर आडवा झालाय, आता त्याला मीठही मागायचं नाही. बाहेरून येणारे आम्हाला आळशी म्हणतात. म्हणू देत. या, इथं पाळीवर मोहाच्या सावलीत बसा. तलावाच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. आणि ही शेंदराची शिळा पाहिलीत? गावोगावचे देव उभे असतात, नाहीतर बसलेले. आमची देवी कुशीवर निजलेली आहे. तिचं नाव निजाई. हा तलाव तिचा, आणि ही दुपारही तिचीच, असं सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथं तलाव नव्हता, नुसता नाला होता. पावसाळ्यात दोन्ही काठ खात धावायचा आणि धान पोटरीत आलं की आटायचा. दरवर्षी हातातोंडाशी आलेलं पीक डोळ्यांदेखत वाळायचं. गावचे पाटील खेमाजी. त्यांनी ठरवलं, या दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालून नाला अडवायचा. सारा गाव कामाला लागला. पण पावसाळा आला की पाळ मधोमध फुटायची, अगदी नाल्याच्या पात्रावर. पुढल्या वर्षी पुन्हा घातली, पुन्हा तिथंच फुटली. घरांना कुलपं लागू लागली. माणसं पोरंबाळं घेऊन दूर निघून जायला लागली.

तेव्हा खेमाजी पाटलांनी शपथ घेतली म्हणे, की पाळ पुरी होईपर्यंत मी सावलीत बसणार नाही. बोडक्या डोक्यानं ते दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि गावालाही उभं ठेवायचे. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत, मधे विसावा नाही. माणूस दुष्ट नव्हता. घाबरला होता. गाव आपल्या हातून मोडतं की काय, या भीतीनं त्याला झोप नव्हती, आणि ज्याला झोप नसते त्याला दुसऱ्याची झोप दिसत नाही.

आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. त्या उन्हात माणसं पडू लागली. मनसाराम नावाचा एक दांडगा गडी होता. एका दुपारी डोक्यावरच्या टोपलीसकट तो कोसळला तो उठलाच नाही. त्याची बायको भिवरा त्याच्या मागेच होती. तिनं आपल्या डोक्यावरची टोपली टाकून दिली नाही. चार पावलं पुढं जाऊन ती पाळीवर रिकामी केली आणि मग येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडली नाही, असं सांगतात. त्या दिवसापासून तिचा डोळाही लागला नाही.

मग गाव हटून बसलं. गावदेवीचा पुजारी, भुमका, त्यानं कौल लावला आणि मान खाली घालून सांगितलं, "पाळ माणूस मागते. उन्हानं नेलेले तिच्या हिशेबात नाहीत. आपल्या पायानं येऊन जो तिच्यात आडवा होईल, तो तिला पायजे."

पाटील म्हणाले, "मीच जातो." तेवढ्यात भिवरा उठली.

"तुम्ही गेल्यावर पाळ कोण घालील, पाटील जी? मीच जाईन. माझ्यामागं रडायला कोणी नाही."

बायांनी हंबरडा फोडला. भिवरा पाळीच्या खिंडारात उतरली, जिथं दरवर्षी पाळ फुटायची तिथं. पदर सारखा केला, कुशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "एक मागणं आहे जी. माती टाकायच्या आधी मले एकदा पोटभर निजू द्या. आपसूक जाग येईल तेव्हा माती टाका."

मरणाऱ्याचं शेवटचं मागणं. पाटलांनी हात वर करून माती टाकणाऱ्यांना थांबवलं. दुपार पेटलेली होती, पण खिंडारात काठाची सावली पडली होती. भिवरानं डोळे मिटले आणि इतक्या दिवसांची झोप तिच्यावर लोटली.

लोक वाट बघत उभे राहिले. मग बसले. मग कुणी मोहाला टेकलं, कुणी टोपली उशाला घेतली. एकेक करत सारा गाव निजला. बायांचे हुंदके थांबले, लेकरं आयांच्या कुशीत शिरली. पाटील तेवढे उन्हात उभे. त्यांना पहिल्यांदाच ती माणसं दिसली म्हणे. फुटलेले ओठ, सोललेले खांदे, आणि झोपेत लहान पोरासारखे झालेले चेहरे. तिथं उभ्याउभ्या पाटलांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

ऊन कललं तशी भिवरा जागी झाली. तिच्यामागोमाग गाव जागा झाला. "टाका माती," ती म्हणाली. टोपलीला कुणी हात लावेना. तेव्हा ती उठून बसली. स्वप्नात देवी आली होती म्हणून म्हणा, की तिचीच बुद्धी म्हणा, पण ती बोलली, "भुमका जी, मी आपल्या पायानं आली का नाही? आडवी झाली का नाही? पाळीनं माझं घ्यायचं ते घेतलं. तिले जीव नाही पायजे. तिले नीज पायजे. रोज दुपारी साऱ्या गावानं द्यावी."

भुमक्यानं पुन्हा कौल लावला. फूल उजवीकडून पडलं. "घेतलं," तो ओरडला, "देवीनं नीज घेतली!"

पाटील म्हणाले, "पण दुपार गेली तर पाळ पुरी कधी होईल? मिरग तोंडावर आला."

"सांज आपली आहे, पहाट आपली आहे," भिवरा म्हणाली. "आज सांजेलाच बघा जी."

त्या सांजेला दिवे लागेपर्यंत जेवढी माती पडली, तेवढी कधी साऱ्या दिवसात पडली नव्हती. बाया गात होत्या, गडी पायांनी माती तुडवत होते आणि पाटील स्वतः टोपली उचलत होते. तिथून पुढं रीतच पडली. पहाटेची चांदणी दिसली की काम, ऊन चढलं की नीज, ऊन कललं की पुन्हा काम. त्यानंतर पाळीवर कुणी मेलं नाही. आणि मिरगाच्या आत खिंडार बुजलं.

मग आलं पाणी. असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. टेकड्यांवरून लोंढे उतरले, तलाव चढत गेला, आणि एका दुपारी पाणी पाळीच्या माथ्याला लागलं. लाट आली की पाणी माथ्यावरून पलीकडं सांडू लागलं. मातीची पाळ, एकदा वरून पाणी गेलं की संपली. आणि वेळ नेमकी निजेची!

"आज निजू नका!" पाटील ओरडले. "आजच्या दिवस माफी मागू देवीची!"

भिवरा म्हणाली, "आजच तर तिले द्यायचं आहे जी." आणि जुन्या खिंडाराच्या जागी, पाळीच्या माथ्यावर, पाण्याकडं पाठ करून ती आडवी झाली. तिच्या डोक्याशी पाय देऊन दुसरी बाई, मग तिसरी, मग गडी, म्हातारे, भुमकासुद्धा. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत सारा गाव पाळीवर एका ओळीत निजला. तशा पावसात झोप कशी लागली, हे मला विचारू नका. लागली, एवढंच सांगतात. लाटा येत होत्या आणि निजलेल्यांच्या पाठींवर आपटून मागं फिरत होत्या. एक ओंजळ पाणी पलीकडं गेलं नाही.

पाटील तेवढे जागे राहिले. अनवाणी, भिजत, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. कुठं लेकराचं डोकं सरळ कर, कुठं म्हातारीवर आपली घोंगडी टाक. दुपार सरली तेव्हा पाऊस थांबला. ढग फाटले आणि तलाव डोळ्यांत मावेना असा चमकला. ज्या माणसानं राबणाऱ्याला कधी 'जी' म्हटलं नव्हतं, त्यानं हात जोडून हाक दिली, "उठा जी! तलाव भरला!"

भिवरा पुढं पुष्कळ वर्षं जगली. तिच्यामागं ज्या जागी ती निजली होती तिथं गावानं ही शिळा आडवी ठेवली आणि तिला निजाई म्हणू लागला. उभी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आजही तलाव तोंडोतोंड भरतो त्या दुपारी सारा गाव पाळीवर येऊन निजतो. नागपूरला गेलेली पोरं रजा काढून येतात. फक्त पाटलांच्या घरचं एक माणूस जागं राहतं, तो त्यांचा मान आहे. यंदा आताच्या पाटलांची नात होती, गोंदियाला नर्स आहे. चपला काढून ती आमच्या उशापायथ्याशी येरझाऱ्या घालत होती, लेकरांवर फडकी टाकत होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं, आणि पुन्हा मिटले. पाठीशी पाणी हलत होतं, कुशीखाली माती गार होती. पुढं बांध घातलेल्या धानाच्या बांद्या पार त्या डोंगरापर्यंत हिरव्यागार पसरल्या होत्या, आणि आमच्यातला एकही माणूस जागा नव्हता.